महाडची शांतता आणि पँथरची डरकाळी

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. नववीत आहे. पनवेलला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. शाळेने सुट्टीसाठी एक प्रकल्प दिला होता. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या समान हक्कांच्या लढ्यातले दोन नेते, मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स, यांच्या विचारांची तुलना करायची. दोन दिवस ती मोबाइलवर काहीबाही वाचत होती. तिसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्यापाशी आली.

"आजोबा, तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात ना? मग सांगा, दोघांत बरोबर कोण?"

मी सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. उत्तर जिभेवर तयार होते. म्हटले, "किंग. ते आपल्या गांधीजींच्या वाटेने गेले. हिंसेने कुणाचेच भले होत नाही, बाळ." तिने ते लिहून घेतले आणि खेळायला पळाली. तिचे काम झाले.

माझे मात्र झाले नाही. रात्री झोप येईना. उत्तर चुकले होते असे नाही, पण ते फार पटकन आले होते. आणि ज्या प्रश्नासाठी पोरगी अमेरिकेपर्यंत गेली, तो प्रश्न आमच्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, १९२७ सालीच ऐरणीवर आला होता. पुढे तोच प्रश्न माझ्या शाळेच्या व्हरांड्यातही आला होता. तेव्हा मी काय उत्तर दिले ते मला आठवले, म्हणून झोप उडाली. ते सगळे आज लिहून टाकायचे ठरवले आहे. थोडे लांबेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

जात आणि वंश या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण दोन्हींकडे भोगणाऱ्यांना एकमेकांचे दुःख ओळखू आले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि काळ्यांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहून, त्यांचे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज करणार होते त्याची प्रत मागवली होती. उत्तरही आले. पुढे १९५९ साली किंग भारतात आले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. किंगना आधी धक्का बसला आणि मग ते म्हणणे पटले. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. तेव्हा ही तुलना माझ्या डोक्यातून निघालेली नाही.

तर आधी महाड.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथले अध्यक्ष होते. कागदावर सगळे झाले. प्रत्यक्षात तळ्यावर पाऊल ठेवायची कुणाची छाती नव्हती. गुरेढोरे पाणी पीत, माणसांना मनाई!

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने तिच्यासाठी रक्त आटवले होते. अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे अशी स्पृश्य समाजातली मंडळीही बरोबर होती. २० तारखेला परिषदेचे लोक रांगेने शहरातून तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग सर्वांनी घेतले. झाले एवढेच. कुणाला शिवी नाही, कुणाच्या अंगाला हात नाही.

त्यानंतर गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. काठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. जेवायला बसलेल्या लोकांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. परतीच्या वाटेवर गावोगावी लोकांना गाठून मारले. काहींना मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला, म्हणून ते वाचले.

आता मी शाळेत जो भाग कधी नीट सांगितला नाही तो सांगतो. मार खाणारे लोक दुबळे नव्हते. महाड, दापोलीकडच्या महार समाजात पलटणीतून पेन्शन घेतलेल्यांची परंपरा जुनी. १८८८ साली अस्पृश्यतेवर प्रश्नांचा भडिमार करणारी पुस्तिका लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हेही तिकडचेच पेन्शनर. परिषदेलाही लष्करातून परतलेली माणसे होती. ज्यांनी पहिल्या महायुद्धात बंदूक धरली त्यांना चार काठीवाल्यांची काय भीती? त्यांचे रक्त उसळले होते. एका शब्दाचा अवकाश, की महाडच्या रस्त्यात रक्त सांडले असते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. ते सरकारी बंगल्यावरून धावत आले, जखमींची व्यवस्था लावली, पोलिसात तक्रारी नोंदवल्या आणि आपल्या माणसांना शांत राहायला लावले. पुढे काही हल्लेखोरांना शिक्षाही झाल्या.

असाच प्रसंग एकोणतीस वर्षांनी अमेरिकेत घडला. मॉन्टगोमेरी गावात काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला होता. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला. आत बायको आणि तान्ही मुलगी होती. दोघी वाचल्या. बाहेर संतापलेला जमाव जमला, काहींच्या हाती हत्यारे होती. किंग पडवीत उभे राहिले आणि लोकांना घरी जायला सांगितले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

दोन्हीकडे संयम राखायला सांगणारा माणूस मार खाणाऱ्यांतला होता. त्याच्या अंगावरही तोच दगड येत होता. म्हणून लोकांनी त्याचे ऐकले. हे लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

महाडची अहिंसा गांधीजींच्या अहिंसेहून एका बाबतीत वेगळी होती, असे माझ्या अल्पमतीला वाटते. गांधीजींचा भर समोरच्याच्या हृदयपरिवर्तनावर. आपण क्लेश सोसावे म्हणजे त्याचे मन द्रवेल. महाडला कुणी मन द्रवण्याची वाट बघत बसले नव्हते. हक्क कायद्याने दिलेला आहे, तो बजावायला आलो, एवढेच त्यांचे म्हणणे. पुण्याच्या जेधे-जवळकर यांनी ब्राह्मणांना बाहेर ठेवा, मग पाठिंबा देतो असे कळवले, तेही बाबासाहेबांनी मानले नाही. भांडण ब्राह्मण माणसाशी नाही, उच्चनीचतेच्या विचाराशी आहे, ही त्यांची भूमिका होती.

पण 'शांत' म्हणजे 'सौम्य' नव्हे! तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात पंचगव्य ओतून 'शुद्धी' केली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. मंडपाला गावात कुणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. बाबासाहेब बोटीने दासगावला उतरून महाडला आले. तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली होती. मंडपात फोटो एकच होता, महात्मा गांधींचा. त्याच मंडपापाशी २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. कोर्टाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह मात्र तहकूब केला. हजारो लोक सत्याग्रहाला नावे देऊन आले होते, त्यांची समजूत घालावी लागली. पुस्तक जाळायचे, पण माणसाच्या केसाला धक्का लावायचा नाही. याला मवाळ म्हणाल की जहाल? मला तरी ठरवता येत नाही.

दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच ते ब्रूमफील्ड! इतिहासात अशा गाठी पडतात.

एका तळ्याच्या घोटभर पाण्याला दहा वर्षे लागली. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची गोष्ट तर त्याहून कडू आहे. तो २ मार्च १९३० रोजी, म्हणजे दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते पाच वर्षे नेटाने झगडले. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडले, डोकी फुटली. दार काही उघडले नाही. साऱ्या देशाला मिठाचा सत्याग्रह दिसत होता, नाशिकचा कितीजणांना दिसला? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी, मी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. अहिंसेने दार उघडले नाही म्हणून त्यांनी काठी उचलली नाही. त्यांनी ते दारच सोडून दिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि ६ डिसेंबरला ते गेले. त्या दिवशी मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार अजून चालू होता. दोन आठवड्यांनी तो जिंकला गेला.

आता पँथर.

१९७२ मध्ये मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर निघाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही मुख्य नावे. नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ती संघटना १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढली. कायद्याने परवानगी असलेल्या बंदुका उघड हातात घेऊन ते पोलिसांच्या गाडीमागून फिरत. पोलीस आमच्या माणसाशी कसे वागतात ते आम्ही बघणार, हा त्यांचा खाक्या. हीच माणसे पुढे गरीब मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता देत, हे मात्र कुणी फारसे सांगत नाही.

आमच्या पँथरकडे बंदूक नव्हती. होती ती जीभ आणि लेखणी. खेड्यापाड्यांत दलितांवर बहिष्कार, मारहाण, बायाबापड्यांची विटंबना, हे रोजचे झाले होते. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे झालेले. शिकून शहरात आलेल्या पोरांना ते सहन होईना. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला आणि सगळीकडे आग लागली. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा जास्त आणि दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर कमी, हे कसे, हा त्यांचा प्रश्न. तो त्यांनी अशा भाषेत विचारला की आम्हां मास्तर लोकांचे कान लाल झाले. प्रश्नावर थोडेच बोलले, भाषेवरच सगळे बोलत राहिले. मीही त्यांतलाच.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड टाकले गेले आणि भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता मेला. 'हिंसक' म्हणून ज्यांचे नाव झाले होते, जीव गेला तो त्यांच्यातल्याच पोराचा. त्याच वर्षी मार्क्स की बुद्ध या वादात संघटना फुटली, आणि १९७७ मध्ये ढाले-पवारांनी ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. जेमतेम पाच वर्षे. पण त्या पाच वर्षांत खेड्यातला अत्याचार वर्तमानपत्रात पोचू लागला, आणि पँथर येतील या धाकाने काही हात तरी खाली आले. अत्याचार प्रतिबंधाचा कायदा १९८९ साली आला. त्याचे श्रेय एकट्या पँथरला देता येणार नाही, पण अत्याचार हा शब्द लोकांच्या कानी कुणी घातला, ते विसरता येणार नाही.

इथवर पुस्तकातला इतिहास झाला. आता माझा.

१९७५ च्या मार्चमधली गोष्ट. मी कर्जत तालुक्यातल्या एका गावात शिक्षक होतो. गावाचे नाव देत नाही. आमचे घर कुणब्याचे, आणि गावही बहुतेक कुणबी-आगरी वस्तीचे. एका अंगाला बौद्धवाडा, ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी. शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा रांजण असे. गावातली मुले ओगराळ्याने आपले आपण पाणी घेत. बौद्धवाड्यातली आणि वाडीवरची मुले खाली ओंजळ धरून उभी राहत, आणि सातवीतला एखादा मुलगा त्यांना वरून पाणी घाली. मी तिथे रुजू झालो तेव्हा हे असेच चालू होते. मी सुरू केले नव्हते, मी बंदही केले नाही. वर्गात मी साने गुरुजी शिकवायचो, २० मार्चला चवदार तळ्याविषयी चार वाक्येही सांगायचो, आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तो रांजण...

त्या वर्षी खालापूर तालुक्यातले एक तरुण शिक्षक आमच्याकडे बदलून आले. बौद्ध समाजाचे. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत, वरळीला राहायचा. त्यामुळे पँथरची पत्रके त्यांच्या पिशवीत असत. आठ दिवस त्यांनी रांजणाकडे नुसते पाहिले. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत ते उठले, स्वतः ओगराळे रांजणात घातले, पाणी प्यायले आणि ओळीत उभ्या मुलांना म्हणाले, "आता एकेकाने पुढे या आणि आपापलं घ्या." वाडीवरच्या एका लहानग्या मुलीला तर ओगराळे धरताही येईना. तिने ते कधी हातातच घेतले नव्हते.

संध्याकाळी गावाची बैठक. दुसऱ्या दिवसापासून गावातली मुले शाळेत येईनात. सहा दिवस शाळेत अकरा मुले. दबाव सगळा त्या शिक्षकावर, त्याने चूक कबूल करावी म्हणून. सातव्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. मोठ्या भावाच्या थाटात म्हणालो, "अहो गुरुजी, तुमचं म्हणणं खरं आहे. पण हे पँथरचे मार्ग आपल्या गावात चालायचे नाहीत. हळूहळू घ्या. गांधींच्या वाटेने घ्या. लोकांची मनं वळली की आपोआप होईल."

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी कुणाला मारलं का? शिवी दिली का? पाणीच प्यायलो ना? मग यात पँथर कुठे आला? आणि मनं वळवायचं काम इतकी वर्षं तुमच्याकडे होतं. ते किती झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली. रांजणाजवळ पुन्हा ओंजळी लागल्या. पुढे दोनेक वर्षांनी शाळेला नळ आला आणि रांजण गेला. मी मात्र कित्येक वर्षे सांगत असे की, बघा, काळाबरोबर आपोआप सुधारणा झाली!

आज विचार करताना दिसते की त्या शिक्षकाने अक्षरशः महाडच केले होते. हक्काचे पाणी, कुणाला इजा नाही, मुलांना बरोबर घेऊन. आणि मी त्याला पँथर ठरवले. का? तर त्याने परवानगी विचारली नाही म्हणून. बघणारा माणूस हिंसा-अहिंसा बघतच नाही. तो एवढेच बघतो की आपली घडी विसकटते का. विसकटली की तो म्हणतो 'जहाल'. १९६३ साली किंग बर्मिंगहॅममध्ये शांततेने निदर्शने करत होते, तेव्हा तिथल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी ही घाई आहे, ही वेळ नव्हे, असे पत्रक काढले. किंग यांनी तुरुंगातून दिलेले उत्तर जगप्रसिद्ध आहे. त्यात उघड शत्रूपेक्षा, तुमचे ध्येय पटते पण मार्ग पटत नाही म्हणणाऱ्या सभ्य गोऱ्या माणसाविषयीची निराशा जास्त आहे. १९६६ सालच्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे किंगविषयी प्रतिकूल मत होते. आज ज्याला आपण अहिंसेचा देवदूत म्हणतो, तो जिवंतपणी लोकांना उपद्रवीच वाटत होता.

दुसरी एक गोष्ट मला अधिक बोचते. आमच्या कर्जत तालुक्याला भाई कोतवालांचा अभिमान आहे, आणि तो असावाच. माथेरानला नाभिक समाजात जन्मलेला हा वकील. शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवायला धडपडला, आणि १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांना आणि हिराजी पाटलांना हौतात्म्य आले. दर २ जानेवारीला मी मुलांना ही कथा सांगे. सांगताना माझा आवाज चढे. भाई कोतवालांनी हळूहळू घ्यायला हवे होते, इंग्रजांचे मन वळेपर्यंत थांबायला हवे होते, असे मी एकदाही म्हणालो नाही. परक्यांशी लढताना आपल्याला मनोरे पाडणेही चालते. लढा आपल्याशी असला की पाण्याचे ओगराळे उचललेलेही चालत नाही! तेव्हा आपल्याला गांधीजी आठवतात. गांधीजींचा असा वापर करणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

म्हणून काय मी आज जहाल झालो? नाही. म्हातारपणी रक्त तेवढे तापत नाही. हिशेबानेही मला शांततेची वाटच शहाणपणाची वाटते. अमेरिकेत काळे लोक दहात एक. आमच्या गावात बौद्धवाडा दहा घरांचा. दहा घरांनी काठी उचलली तर उत्तर रात्री येते, आणि ते बायकामुलांवर येते. बाबासाहेबांना आणि किंगना हा हिशेब पक्का ठाऊक होता. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मागे कायदा, कोर्ट, संघटना नसेल तर नुसत्या सोसण्याने नाशिकचे दार उघडत नाही. आणि कुणीतरी कडक बोलणारा असतो म्हणून शांत बोलणाऱ्याचे ऐकले जाते. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स सेल्मा गावी गेला. किंग तेव्हा तिथे तुरुंगात होते. त्याने त्यांच्या पत्नीला सांगितले की मी तुमच्या पतीचे काम अवघड करायला आलेलो नाही, दुसरा पर्याय कोणता आहे ते लोकांना दिसले तर त्यांचे काम सोपेच होईल. अडीच आठवड्यांनी त्याचा खून झाला. तीन वर्षांनी, ४ एप्रिल १९६८ ला, अहिंसावादी किंगनाही गोळीच लागली. दोघेही एकोणचाळीस वर्षांचे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की अहिंसा स्वीकारायची की नाही हे ज्याच्या पाठीवर काठी पडते त्याने ठरवावे. महाडला बाबासाहेबांनी तो निर्णय घेतला, तो अधिकार त्यांचा होता. माझ्यासारख्या कडेला उभ्या असलेल्याने तो उपदेश करायचा असेल, तर आधी त्या रांगेत उभे राहून ओंजळ धरावी. माझ्या त्या सहकाऱ्याला मी अहिंसा शिकवायला गेलो, तेव्हा माझ्या हातात करण्यासारखे एक काम होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी उभे राहून त्याच ओगराळ्याने पाणी प्यायचे. मी गावचा, जातीचा, मास्तर. मी प्यायलो असतो तर गावाला एकट्यावर रोख धरता आला नसता. टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे यांनी महाडला हेच केले. ती शांततेचीच वाट होती. मी ती घेतली नाही आणि माझ्या गप्प बसण्याला गांधीजींचे नाव दिले.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी नातीला म्हटले, ती वही आण, माझे उत्तर अपुरे आहे. आम्ही दोघे खोपोलीहून पालीच्या रस्त्याने एस.टी.ने महाडला जाऊन आलो. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून तिला वरचे सगळे सांगितले, रांजणाचेही. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग विचारले, "आजोबा, ते सर पुढे भेटले का तुम्हांला?"

भेटले नाहीत. एकदा, १९९० च्या सुमारास, खालापूरच्या स्टँडवर लांबून दिसले होते. ओळख पटली. मी पेपर तोंडासमोर धरला. हेही तिला सांगितले, कारण आता लपवून काय करायचे?

ते हयात असतील तर ऐंशीच्या घरात असतील. खालापूरकडच्या कुणा वाचकाला ही हकीकत वाचून कुणी आठवले, तर एवढा निरोप द्यावा की कर्जतचे गुरुजी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला यायचे म्हणतात. उशीर फार झाला आहे, पण येतो.